वरच्या मजल्यावर भरधाव, खालच्या मजल्यावर सावकाश

हरिचंद राठोडाला कायदा पहिल्यांदा समजावून सांगितला तो अमृतराव वकिलांनी. तो इतका सोपा निघाला की हरिचंदला जरा शंकाच आली.

"हे बघा हरिचंदराव, ज्याच्या चुकीनं लागलं त्यानं भरून द्यायचं. एवढाच कायदा. बाकी नुसते कागद."

शेवटचं वाक्य वकील जरा हळू आवाजात बोलले, त्यामुळे हरिचंदनं ते फारसं मनावर घेतलं नाही.

त्याचा उजवा गुडघा तेव्हा वकिलांच्या टेबलाखाली सरळ पसरलेला होता. तो आता सरळच राहत असे. अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात औंढ्याकडून हिंगोलीच्या बाजाराला येताना टेम्पो एका पुलाच्या कठड्याला धडकला. हौद्यात चार बकऱ्या होत्या आणि त्यांना धरून हरिचंद उभा होता. बकऱ्या चारही पायांवर खाली उतरल्या आणि बांधावरचं गवत खायला लागल्या. हरिचंदच्या गुडघ्यात लोखंडी पट्टी बसली आणि दाखल्यावर पस्तीस टक्के अपंगत्व लागलं.

सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडच्या तांड्यावरचा तो बकऱ्यांचा व्यापारी. हा काही बसून करायचा धंदा नव्हे. आज शिरड शहापूर, उद्या हिंगोली, परवा आखाडा बाळापूर, असं माणूस बकरीच्या मागं हिंडत राहिला तरच तो धंदा होतो. चालणं गेलं तसा धंदाही गेला. आता त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. भरपाई आली की दारात पिठाची गिरणी टाकायची. गिरणी एका जागी उभी राहते आणि गिऱ्हाईक चालत येतं. पाय नसलेल्या माणसाला याहून मानाचा धंदा त्याला सुचत नव्हता.

"तर चूक कुणाची?" वकिलांनी पेन उघडलं. "ड्रायव्हरचं नाव?"

"प्रेमदास चव्हाण."

"गाडीमालक?"

"तोच."

"ओळखीचा आहे?"

"आमचा जावई हाय. थोरली पोरगी शितल त्याच्या घरी दिली."

वकिलांनी पेन मिटलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि पेन परत उघडलं.

"असू द्या. कायद्याला नातीगोती नसतात. आणि पैसे काय त्याच्या खिशातून जाणार आहेत? विमा कंपनी देणार. तुम्ही फक्त म्हणायचं, जावई बेफाम चालवत होता."

"पण बेफाम न्हवता ना चालवत."

"म्हणजे त्याची चूक नव्हती?"

हरिचंदनं पसरलेला पाय हातानं जरा सरकवला.

"चूक नाही तर भरपाई नाही," वकील म्हणाले. चूक कुणाची हे विचारतच नाहीत असं आणखी एक कलम होतं. ते त्यांनी ओझरतं सांगितलं, पण त्यात रक्कम तक्त्यावरून काढतात आणि तक्त्यात हरिचंदच्या गुडघ्याला लावलेला भाव अमृतरावांना पसंत पडला नव्हता.

खरं काय झालं होतं ते सासरा-जावई दोघांनाच माहीत होतं. पुलाच्या अलीकडं एका बकरीच्या गळ्याला दोरीचा फास बसला. टेम्पोच्या टपावर एक थाप म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल, हे हरिचंदला चांगलं ठाऊक होतं. पण बकरीचे डोळे पांढरे झालेले पाहून त्यानं पाच-सात थापा मारल्या आणि वर ओरडलासुद्धा. सासरा ओरडतो म्हटल्यावर प्रेमदासनं मान वळवून मागं पाहिलं. जावयानं एवढं तर करायलाच पाहिजे. त्याच वेळी पूल आला.

दवाखान्यातून हरिचंदला बाजेवर घालून तांड्यावर आणलं त्या दिवशी नायकाच्या दारात नसाब, म्हणजे तांड्याची पंचायत, बसला. तांड्यातली भांडणं, फारकत, मारामारी सगळं तिथं मिटतं. नेमसिंग नायक मधोमध बसला आणि त्यानं विचारलं, "चूक कोणाची?"

प्रेमदास हात जोडून उभा राहिला. "माजी."

दुसरं उत्तर नव्हतंच. सासरा बाजेवर पडलेला असताना चार माणसांत जावई 'तुमीच थापा मारल्या' म्हणाला असता, तर त्याच्या सात पिढ्यांना नसाबानं दंड लावला असता. लहान्यानं चूक अंगावर घ्यायची आणि मोठ्यानं जाऊ दे म्हणायचं, अशी रीत होती. हरिचंदला तेव्हा बरं वाटलं. आपण बोलावं असं एकदा त्याच्या मनात आलं, पण पोराची अदब मोडेल म्हणून तो म्हणाला, "जाऊ दे." मग गूळ वाटला. एक बिडी संपायच्या आत निकाल लागला होता.

नेमसिंग नायक मात्र चार बुकं शिकलेला. सरकारला उगाच तकलीफ नको म्हणून त्यानं शाळेच्या गुरुजींकडून झालेलं सगळं कागदावर लिहून घेतलं. 'प्रेमदास याने आपली चूक पंचांसमोर कबूल केली असून सासऱ्याने मोठ्या मनाने माफ केले आहे, तरी पोलिसांनी त्रास घेऊ नये.' खाली अठरा सह्या आणि अंगठे. तो कागद तो स्वतः ठाण्यात देऊन आला आणि चहा पिऊन परतला.

ठाण्यातल्या जमादाराच्या तीस वर्षांच्या नोकरीत अठरा साक्षीदारांच्या सहीनिशी आरोपीची कबुली घरपोच आली नव्हती. त्यानं ती दोषारोपपत्राला टाचणीनं लावली. हरिचंदचा जबाब तर आधीच तयार होता. दवाखान्यात तो भुलीच्या अमलात पाणी मागत होता तेव्हा हवालदारानं तो लिहून घेतला होता. 'सदर चालकाने आपले ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून' अशी त्याची सुरुवात होती. त्या ठाण्यातले सगळेच जखमी अशी शुद्ध भाषा बोलत.

अशा रीतीनं एकाच कागदानं दोन कामं केली. कोर्टाच्या खालच्या मजल्यावर प्रेमदासवर फौजदारी खटला उभा राहिला आणि तिथं तो कागद म्हणजे आरोपीची कबुली. वरच्या मजल्यावर हरिचंदचा भरपाईचा दावा लागला. तिथं कंपनीचा वकील तोच कागद हलवत म्हणाला की सासरा-जावयाचं आधीच मिटलं आहे, गूळसुद्धा खाऊन झाला आहे, आता हे दोघं मिळून कंपनीला लुटायला निघालेत.

"म्हणून सांगतो," अमृतराव म्हणाले, "आजपासून तुमचं आणि प्रेमदासचं बोलणं बंद. तुम्ही अर्जदार, तो सामनेवाला नंबर एक. कंपनीची माणसं हिंडत असतात."

"किती दिवस?"

"दावा संपेपर्यंत."

कंपनीचा माणूस तांड्यावर खरंच येऊन गेला. पायात बूट, हातात वही. त्यानं शेजारच्या सोजराबाईला विचारलं, हरिचंदचं जावयाशी बोलणं-चालणं आहे का.

"सासरा जावयाशी काय बोलंल बापा?" सोजराबाई म्हणाली. "तुमी बोलता का तुमच्या सासऱ्याशी?"

त्यानं वहीत काय लिहिलं ते कळलं नाही, पण पाणी न पिता गेला.

नव्याण्णव साली हिंगोलीचा जिल्हा झाला. लोकांनी गुलाल उधळला. हरिचंदची फाईल परभणीहून, जुन्या जिल्ह्याच्या गावाहून, निघाली, ती हिंगोलीत पोचायला दीड वर्ष लागलं. तिलाही बहुतेक गुडघ्याचाच त्रास असावा. मग तारखा सुरू झाल्या. एकदा साहेब रजेवर, एकदा कंपनीचा वकील रजेवर, तर एकदा सगळे हजर आणि फाईल गैरहजर. बकऱ्या म्हणजे माल की प्रवासी, यावर दोन तारखा गेल्या. माल ठरल्या, म्हणून त्यांचा मालक या नात्यानं हरिचंदला टेम्पोत उभं राहायचा हक्क मिळाला. बिनबकऱ्यांचा असता तर दावा तिथंच संपला असता.

मधल्या काळात वकिलांनी आणखी एक पथ्य घातलं. काही कमवायचं नाही. "कमावता दिसलात की कमाई गेली म्हणायला जागा उरत नाही." बायको पारुबाई एकदा म्हणाली, दारात चार वस्तूंचं दुकान लावू. हरिचंद म्हणाला, वकिलाला विचारतो. पारुबाई म्हणाली, "चूल पेटवू का तेबी विचारून या."

शितल माहेरी यायची तेव्हा प्रेमदास तिला फाट्यावरच उतरवायचा आणि मोटारसायकल वळवायचा. हरिचंद दारातून बघायचा. फाटा दिसायचा, माणूस ओळखू यायचा, पण हात वर करायचा की नाही हे अमृतरावांनी सांगितलेलं नव्हतं. मग तो काठी या हातातून त्या हातात घ्यायचा. नातू झाला, चालायला लागला, त्यानं आजोबाला एकदा विचारलंसुद्धा, "बा काहून येत न्हाई घरात?" कोर्टात इतके प्रश्न झाले, पण हा कुणी विचारला नव्हता.

दोन हजार तीनमध्ये एसटीत ड्रायव्हरची भरती निघाली. प्रेमदासनं टेम्पो कधीच विकला होता. ठाण्याच्या आवारात आठ महिने उभा राहून त्याचा टेम्पोपणाच गेला होता. आता तो लोकांच्या जीपा चालवी. परीक्षेत पास झाला, गाडी चालवून दाखवली त्यातही पास झाला. एक कागद राहिला, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. खटला चालू असेपर्यंत तो मिळणार नव्हता आणि शिक्षा झाली तर कधीच नाही.

शितल एकटीच आली आणि बापासमोर बसली.

"बापू, खालच्या कोर्टात तुमची साक्ष लागून राहिली पुढच्या महिन्यात. तुमी भरधाव म्हणले तर ह्यांचं संपलं. वयाची अट हाय, पुढच्या भरतीत न्हाई बसत."

"आन वर सावकाश म्हणलो तर माजं संपलं."

"मंग वर भरधाव म्हणा, खाली सावकाश म्हणा."

"वकिलाला विचारतो," हरिचंद म्हणाला.

पारुबाई आतून म्हणाली, "पोरीनं मुद्द्याचं सांगितलं की ह्यांना वकील आठवतो."

अमृतरावांनी मात्र पोरीचं म्हणणं मान्य केलं. बरंच तपशीलवार मान्य केलं. दोन कोर्टं वेगळी, दोन साहेब वेगळे. खाली म्हणायचं, मी मागं तोंड करून बकऱ्या धरून होतो, मला काही दिसलं नाही. वर म्हणायचं, गाडी भरधाव होती, मी ओरडून सांगत होतो. "एका मजल्यावरचं दुसऱ्या मजल्याला ऐकू जात नाही," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी याच इमारतीत आहे."

हरिचंदनं दोन्ही जबाब पाठ केले. चालता येत नसल्यामुळे त्याला वेळ भरपूर होता.

नेमकी दोन्ही कोर्टांची तारीख एकाच दिवशी आली. सकाळी खाली, दुपारनंतर वर. पुकारा झाला तसा हरिचंद काठी टेकत पिंजऱ्यात चढला. समोर आरोपीच्या जागी प्रेमदास उभा होता. पाच वर्षांत इतक्या जवळून तो पहिल्यांदाच दिसत होता. कानशिलं पांढरी झाली होती. हरिचंदला वाटलं, पोराचं वय कुणी विचारात घेतलं नाही या दाव्यात.

मग त्यानं मागच्या बाकाकडं पाहिलं. तिथं कंपनीचा वकील वही उघडून बसला होता. त्याचं या कोर्टात काही काम नव्हतं. त्यानं पेनाचं टोपण काढून हरिचंदकडं पाहिलं आणि नम्रपणे मान हलवली.

पाठ केलेले दोन्ही जबाब हरिचंदच्या डोक्यात एकमेकांवर आदळले. खाली 'दिसलं नाही' म्हणावं तर वर 'भरधाव होती' कुठल्या तोंडानं म्हणायचं? आणि इथंच भरधाव म्हणावं तर समोर हा पोरगा. अमृतरावांकडं पाहावं तर ते वरच्या मजल्यावर दुसऱ्या कुणाच्या हाडाचा युक्तिवाद करत होते.

"गाडी कशी चालवत होता आरोपी?" सरकारी वकिलानं विचारलं. उत्तर त्याच्या हातातल्या कागदावर होतंच.

"बराबर चालवत होता."

सरकारी वकिलानं कागद पाहिला, मग हरिचंदला पाहिलं. "मग पुलाला धडकली कशी?"

"मी टपावर थापा मारल्या. बकरीला फास लागून राहिला होता. पाच-सात मारल्या. आन वरडलो. पोरानं मागं पाहिलं."

सरकारी वकिलानं हातातला कागद उलटला.

"पोलिसांना तुम्ही हे सांगितलं नव्हतं."

"पोलिसाला मी पाणी मागत होतो."

"मग आरोपीनं पंचांसमोर चूक कशी कबूल केली? अठरा सह्या आहेत."

"सासरा बाजंवर पडलेला, चार माणसं बसलेली, जावई दुसरं काय म्हणंल साहेब?"

आता खुर्चीतले साहेबच बोलले. "म्हणजे तो बोलला ते खरं नव्हतं?"

"खरं न्हवतं साहेब. रीत होती."

साहेबांनी ते लिहून घेतलं की नाही ते दिसलं नाही. सरकारी वकिलानं मात्र उभं राहून अर्ज केला की साक्षीदार फितूर झाला आहे. पाच वर्षांत हरिचंद पहिल्यांदाच खरं बोलला होता आणि त्या खऱ्याला कायद्यात हे नाव होतं.

मागच्या बाकावरच्या वहीनं एक पान भरलं.

वर जायला बावीस पायऱ्या होत्या. हरिचंद एकेक चढत होता, पट्टीचा पाय मागून ओढून घेत होता. मधल्या वळणावर प्रेमदास भिंतीला टेकून उभा होता. हात द्यावा म्हणून तो पुढं झाला आणि मग त्यानं हात मागं घेतला, कारण कंपनीचा वकील पायऱ्या चढून त्यांच्या शेजारून जात होता. "सावकाश या काका," वकील म्हणाला. आवाजात खरंच काळजी होती.

वर त्यानं दोनच प्रश्न विचारले.

"आज सकाळी खाली साक्ष दिली?"

"व्हय."

"जे सांगितलं ते खरं?"

अमृतरावांनी मान इतकी थोडी हलवली की ती फक्त अशिलालाच दिसावी. नाही म्हणावं तर सकाळचं सगळं पुसलं जाईल आणि प्रेमदास परत आरोपीच्या कठड्यामागं. हरिचंदनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी तो बराच वेळ बघत राहिला. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"व्हय," हरिचंद म्हणाला. "खरं हाय."

प्रेमदास दोन महिन्यांत सुटला. संशयाचा फायदा मिळाला. संशय कसला होता ते निकालात लिहिलेलं नव्हतं. दाखला मिळाला, नोकरी मिळाली आणि त्याला कोकणातला एक डेपो मिळाला. शितल आणि नातू त्याच्यासोबत गेले. जाताना शितल आशीर्वाद घेऊन गेली. प्रेमदास फाट्यावर उभा होता, कारण वरचा निकाल अजून लागायचा होता.

तो लागायला आणखी वर्ष गेलं. साहेबांनी म्हटलं की चूक दोघांचीही, अर्धी थापा मारणाऱ्याची आणि अर्धी मान वळवणाऱ्याची. म्हणून भरपाईही अर्धी. अमृतरावांनी हरिचंदच्या हातावर पेढा ठेवला आणि सांगितलं, अशा साक्षीनंतर अर्धी मिळणं म्हणजे आपली कमालच झाली. गिरणी अर्धी मिळते का, हे हरिचंदनं विचारलं नाही.

त्याला विचारायची गरजही उरली नाही. कंपनी औरंगाबादला हायकोर्टात अपिलात गेली. अर्जदारानं स्वतःची चूक शपथेवर कबूल केली आहे, मग अर्धी तरी का द्यायची? हायकोर्टानं सांगितलं, पैसे कोर्टात जमा करा आणि कुणी हात लावू नका. दोन हजार पाचच्या पावसाळ्यात नोटीस तांड्यावर आली. ती घेऊन हरिचंद अमृतरावांकडं गेला.

अमृतरावांनी पहिलं पान वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हे बरं झालं. आता अपीलकर्ता कंपनी. तुम्ही प्रतिवादी नंबर एक. आणि हे बघा, प्रतिवादी नंबर दोन, प्रेमदास चव्हाण. तुम्ही दोघं आता एकाच बाजूला."

हरिचंदनं कागद हातात घेऊन ती दोन नावं पाहिली. एकाखाली एक, मधे फक्त एक ओळ.

"मंग बोलायला चालतं?"

"आता काय हरकत आहे? बोला, भेटा. उलट बोलायलाच पाहिजे, वकीलपत्रावर त्याची सही लागेल."

"तारीख कवा लागंल?"

"लागली की कळवतो. सध्या तिथं जुन्या अपिलांचा नंबर चालू आहे. थोडं सबुरीनं घ्यावं लागेल."

औंढ्याच्या स्टॅंडजवळ एक फोनचं दुकान होतं. शितलनं दिलेला डेपोचा नंबर हरिचंदच्या खिशात दोन वर्षं घडी घालून होता. दुकानदारानं तो फिरवून दिला. मीटरवर लाल आकडे पळायला लागले. पलीकडून घाटाखालच्या बोलीत कुणीतरी म्हणाला की चव्हाण ड्रायव्हर गाडीवर आहेत, उद्या रात्रीशिवाय यायचे नाहीत, काय निरोप असेल तर सांगा.

सात वर्षांत सांगायच्या गोष्टी बऱ्याच साठल्या होत्या. पायऱ्यांवर मागं घेतलेल्या हाताचं सांगायचं होतं. नातू शाळेत जातो का ते विचारायचं होतं. आकडे पळत होते.

"एक कागद पोस्टानं येईल म्हणा," हरिचंद म्हणाला. "सही करून लगेच परत धाड म्हणा."

"सांगतो. नाव काय तुमचं?"

"हरिचंद राठोड."

"चव्हाणांचे कोण?"

हरिचंदनं दुकानदाराकडं पाहिलं, मग दाराबाहेर रस्त्यावर नजर टाकली. जुनी सवय. वही घेतलेलं कुणी दिसलं नाही.

"सध्या," तो म्हणाला, "आमी एकाच बाजूला हाव."